ताई, तिथे आपल्याला बसू देतील का?

परदेशी आलेल्या नव्या मुलीला काय काय दाखवायचे, याची यादी आपल्या बायकांजवळ तयारच असते. तूरडाळ कोणत्या दुकानात मिळते, बसचा पास कुठे काढायचा, घरी पैसे कसे पाठवायचे, थंडीत अंगावर किती कपडे चढवायचे. यादी चांगलीच आहे. पण पोट भरले आणि अंगाला ऊब मिळाली म्हणजे परका मुलूख आपला होतो, असे नाही. तिथली माणसे कशाने हसतात, कशाने गहिवरतात, हे कळेपर्यंत परकेपणा जात नाही. आयर्लंडमध्ये हे कळण्याची सर्वांत जवळची वाट त्यांच्या पारंपरिक संगीतातून जाते, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. म्हणून माझ्या यादीत मी आणखी एक गोष्ट घातली आहे. नव्या मुलीला एकदा तरी गाणे-वाजवणे ऐकायला न्यायचे.

मी आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीत परिचारिका म्हणून नोकरी करते. दोन वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात विदर्भातली एक मुलगी आमच्या वॉर्डात रुजू झाली. इथे डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास दिवस मावळतो. ड्यूटी आणि खोली, खोली आणि ड्यूटी, एवढेच तिचे जग झाले होते. रात्री आईशी फोनवर बोलताना रडू आवरायची आणि सकाळी सुजलेले डोळे घेऊन कामावर यायची. मी तिला म्हटले, "अगं, शुक्रवारी माझ्याबरोबर चल. इथले संगीत ऐकवते."

संगीत कुठे असते, हे सांगितल्यावर ती दचकली. कारण ते असते पबमध्ये. ती म्हणाली, "ताई, मी पंचशील पाळणारी. दारूच्या ठिकाणी कशी येऊ?" तिची शंका रास्त होती. मी तिला समजावले, की इथला पब हा गावाचा पारही असतो. चहा मागितला तर चहा मिळतो आणि कोणी भुवई उंचावत नाही. आईबापांबरोबर लहान मुलेसुद्धा रात्री नऊपर्यंत बसतात. मी स्वतः इतकी वर्षे जाते आहे, दारूच्या थेंबाला शिवलेले नाही. त्यावर तिने हळूच दुसरा प्रश्न विचारला. खरा प्रश्न तोच होता. "ताई, तिथे आपल्याला बसू देतील का?"

या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे, हे वाचकांना सांगायला नको. मी एवढेच म्हणाले, "माझ्या शेजारी बस."

जाण्यापूर्वी दोन-तीन संध्याकाळी मी तिला घरी ध्वनिमुद्रणे ऐकवली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "ताई, सगळे एकसारखेच वाटते. कुठे सुरू होते, कुठे संपते, काही समजत नाही." नव्या कानाला असेच वाटते. पण ज्या मुलीने लहानपणापासून ढोलकी-पेटीवर समाजाची गाणी ऐकली आहेत, तिला हे समजायला वेळ लागत नाही. फक्त ओळखीच्या खुंटीला अडकवून द्यावे लागते.

मी तिला टेबलावर दादरा वाजवायला सांगितले. धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. मग 'जिग' लावली. तिची बोटे आपोआप जुळली! नंतर केरव्याचे चार-चारचे वजन धरायला लावले आणि 'रील' लावली. तीही जुळली. तीन-तीनच्या तीन गटांची, म्हणजे नऊची, असते ती 'स्लिप जिग'. ही सगळी मुळात नाचाची धून आहे. जिगच्या धुनेत साधारणपणे आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग असतात. पहिला भाग दोनदा, दुसरा दोनदा, अशी बत्तीस आवर्तने झाली की एक फेरी पूर्ण होते. अशा बहुधा तीन फेऱ्या वाजवून, मध्ये न थांबता वादक दुसऱ्या धुनेवर उडी घेतात. ती उडी जिथे पडते तिथे ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दुसऱ्या संध्याकाळी माझी मैत्रीण स्वतःच बोट वर करून सांगू लागली, "आता बदलले!"

सर्व वादक एकच धून एकत्र वाजवतात. तरी प्रत्येकाच्या हरकती, सुरावरची ठेच, सुराभोवतीचा वळसा निराळा असतो. कागद समोर नसतो. धून कानाने घ्यायची आणि कानानेच पुढे द्यायची. घरात वाद्य नसेल तर तोंडानेच बोल म्हणून लोकांना नाचवीत. त्याला ते 'लिल्टिंग' म्हणतात. गरिबांच्या घरातली ही युक्ती आपल्या बायाबापड्यांना चटकन समजेल.

गरिबी हा शब्द मी मुद्दाम वापरला. १८४५ पासूनच्या दुष्काळात या लहानशा देशातली सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यांच्याबरोबर धुनाही गेल्या. कॉर्ककडचा फ्रान्सिस ओनील अमेरिकेत जाऊन शिकागोच्या पोलीसदलाचा प्रमुख झाला. त्याने तिथल्या आयरिश लोकांकडून धुना गोळा करून १९०३ साली १,८५० धुनांचा ग्रंथ काढला. मायदेशात मात्र १९३५ साली नाचाच्या जागांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. पाद्री आणि पोलीस यांनी तो असा राबवला, की स्वयंपाकघरातले साधे नाचही बंद पडू लागले. पुढे १९५१ मध्ये कोल्तस ही संस्था निघाली आणि त्याच वर्षी मलिंगर येथे पहिला संगीतमेळा भरला. तेव्हापासून हे संगीत पुन्हा उभे राहिले.

तर शुक्रवारी आम्ही गेलो. कोपऱ्यात एका टेबलाभोवती सात-आठ माणसे बसली होती. मंच नाही, ध्वनिक्षेपक नाही. वादक एकमेकांकडे तोंड करून बसतात, श्रोत्यांकडे त्यांची पाठही असते. याला 'सेशन' म्हणतात. त्यात एक शाळामास्तर होते, एक शेतकरी, एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी आणि आमच्याच रुग्णालयातला एक कर्मचारी. मी मैत्रिणीला रीत सांगून ठेवली होती. टेबलाजवळच्या मोकळ्या खुर्च्या वादकांसाठी असतात, त्यावर बसायचे नाही. गाणे सुरू झाले की बोलायचे नाही. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारायचे. एवढे पाळले की तुम्ही त्यांच्यातलेच.

तिने एकेक वाद्य ओळखायला सुरुवात केली. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. लाकडी बासरी, पत्र्याची लहान शिट्टीसारखी 'टिन व्हिसल', हातात मावणारी कॉन्सर्टिना. क्लेअर तर कॉन्सर्टिनासाठीच प्रसिद्ध आहे. मग तिची नजर एका वाद्यावर खिळली. गोल लाकडी कडे, त्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे, एका हाताने आतून धरलेले, दुसऱ्या हातात छोटी काडी.

"ताई," ती कुजबुजली, "हे तर आमचे डफडे!"

त्याचे नाव बौरान. मैत्रिणीचे आजोबा गावात डफडे वाजवीत. लग्न असो की मयत, बोलावणे आले की जावेच लागे, आणि वाजवूनही बसायला जागा दारापलीकडेच. १९५६ नंतर आजोबांनी ते डफडे खाली ठेवले ते कायमचे. घरात त्याचा उल्लेखही कोणी करीत नसे. त्यांनी ठेवले ते योग्यच केले. ज्या वाद्याबरोबर अपमान बांधून दिलेला असतो, ते सोडणे हीच मुक्ती असते. पण इथे तिच्यासमोर मास्तर तेच वाद्य मांडीवर घेऊन सगळ्यांच्या बरोबरीने बसले होते. मी तिला सांगितले, की बौरानही पूर्वी मुख्यतः नाताळच्या दुसऱ्या दिवशी गावातून फिरणाऱ्या सोंगाड्या पोरांच्या हातात दिसे. १९६०च्या दशकात शॉन ओ रियाडा या संगीतकाराने ते आपल्या वाद्यवृंदात आणले आणि मग ते जगभर गेले. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "वाद्याचा काय दोष होता, ताई?"

त्या रात्री 'इलन पाइप्स' वाजवणारा एक तरुणही आला होता. इलन म्हणजे कोपर. कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, दुसऱ्या कोपराखाली पिशवी दाबायची, बोटांनी सूर काढायचे. खालून तंबोऱ्यासारखा एक अखंड आधारसूर चालू असतो. हे वाद्य पचायला एकवीस वर्षे लागतात, अशी म्हण आहे. सात शिकायची, सात सरावाची आणि सात वाजवायची.

या वाद्याची एक कथा मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा भटका समाज आहे. पत्र्याची भांडी घडवायची, घोड्यांचा व्यापार करायचा आणि गाडीतच संसार थाटायचा. आपल्याकडील भटक्या-विमुक्तांची आठवण यावी, असे त्यांचे जिणे. गावकऱ्यांनी त्यांना वेशीबाहेरच ठेवले. पण जत्रा आणि शर्यती आल्या की त्यांच्यातले वादक हवे असत. जॉनी डोरन हा त्यांच्यातला थोर पाइपवादक. १९३६ साली क्लेअरमधील मिलटाउन मालबे येथल्या शर्यतींच्या वेळी विली क्लॅन्सी या तरुणाने त्याचे वादन ऐकले आणि तो त्या वाद्याचाच झाला. १९४७ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोगाने डोरनचे वादन तबकड्यांवर उतरवून घेतले. पुढच्याच वर्षी वादळी वाऱ्यात एक भिंत त्याच्या राहत्या गाडीवर कोसळली. तो जायबंदी झाला आणि १९५० मध्ये वारला. क्लॅन्सी १९७३ साली गेला. त्याच वर्षापासून त्याच्या नावाने मिलटाउन मालबेला दर जुलैत संगीतशाळा भरू लागली. जगभरातून विद्यार्थी येतात. पण ज्याला ऐकून क्लॅन्सी घडला, तो गाडीत राहणारा माणूस होता, हे विसरता कामा नये. आयर्लंडच्या सरकारने ट्रॅव्हलरांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता दिली ती १ मार्च २०१७ रोजी. त्याच वर्षाच्या अखेरीस युनेस्कोने इलन पाइपवादनाला मानवजातीचा वारसा म्हणून आपल्या यादीत घेतले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या! वाद्याचा सन्मान सोपा असतो. वाजवणाऱ्याचा सन्मान मात्र झगडून मिळवावा लागतो.

रात्री नवाच्या सुमारास एका वृद्ध बाईंनी आयरिश भाषेत गाणे म्हटले. साथीला काहीच नाही. या गायकीला 'शान-नोस' म्हणजे जुनी रीत म्हणतात. गाणाऱ्याने डोळे मिटावेत, शेजारच्याने त्याचा हात हातात घेऊन गाण्याच्या लयीत हळूहळू फिरवावा, अशी जुनी पद्धत आहे. या गायकीतला मोठा माणूस जो हीनी न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा दरवान होता. १९८२ साली अमेरिकेने त्याला राष्ट्रीय सन्मान दिला. दारावर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात काय आहे, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कुठे ठाऊक असते?

बाईंचे गाणे संपले आणि त्यांनी माझ्या मैत्रिणीकडे वळून विचारले, "तुझ्या गावचे एखादे गाशील?" ती गोंधळली. मी काही बोलले नाही. मग तिने आजीकडून ऐकलेली जात्यावरची ओवी म्हटली. भीमाच्या नावाची ओवी. दोन कडवी झाली, तिसऱ्याला आवाज कापला. तेव्हा त्या वृद्ध बाईंनी तिचा हात धरला आणि हळूहळू फिरवू लागल्या. जात्याचा खुंटा फिरावा तसा. खोलीत एकही माणूस बोलत नव्हता. शब्द कोणालाही कळले नव्हते. पण जात्यासमोर एकटी बसलेली बाई सर्वांना दिसली असावी.

त्यानंतर ती शुक्रवारची वाट पाहू लागली. गेल्या वर्षी तिने टिन व्हिसल घेतली. ते स्वस्त वाद्य आहे आणि पहिल्या दोन-तीन धुना काही आठवड्यांत येतात. मास्तरांनी तिला बौरानही धरायला दिला होता. तिने नम्रपणे परत केला. "अजून नाही," म्हणाली. तिचे मन तिला ठाऊक. त्यात कोणी घाई करू नये.

वाचक भगिनींनो, आता आपली मुले-मुली आयर्लंडला मोठ्या संख्येने येत आहेत. आपल्यापैकी जे आधी आले आहेत, त्यांना एवढेच सांगणे. नव्या माणसाला संगीताची व्याख्याने देऊ नका. दादऱ्यावरून जिग ओळखायला शिकवा, आधी घरी ऐकवा, मग सेशनला न्या आणि आपल्या शेजारी बसवा. दुसऱ्याचे गाणे मन लावून ऐकणाऱ्याला एक दिवस त्याचे स्वतःचे गाणे विचारले जाते. यंदा केरळहून एक नवी परिचारिका आमच्याकडे आली. तिलाही पबचा आणि परक्या माणसांचा धाक वाटत होता. तिला घेऊन कोण गेले, ते सांगायला नकोच. माझी मैत्रीण तिला म्हणाली, "माझ्या शेजारी बस."