रिकाम्या दावणीचा पोळा

परवा वर्गात सरांनी आपापल्या गावच्या आवडत्या सणाविषयी बोलायला सांगितले. कुणी दिवाळी सांगितली, कुणी गणपती. माझी पाळी आली तेव्हा मी ‘पोळा’ एवढेच म्हणालो आणि पुढे शब्दच फुटेना. सरांना वाटले असेल, तयारी करून आला नाही. तेव्हा जे बोलता आले नाही ते इथे लिहितो.

माझे गाव नेकनूर, जनावरांच्या बाजाराचे गाव. आमच्याकडे श्रावणी अमावास्येचे अप्रूप दिवाळीहून जास्त, आणि त्याला कारणही आहे. दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातली लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात ऊसतोडीला जातात. कित्येकांचे बैलही गाडीला जुंपलेले, सोबतच. संक्रांत आणि शिमगा त्यांचा कारखान्यावरच्या कोपीत होतो. पोळ्याला मात्र माणसे आणि बैल दोन्ही गावात असतात.

खरा पोळा आदल्या संध्याकाळीच सुरू होतो, खांदेमळणीला. जू बसून बसून बैलाच्या खांद्याचे कातडे घट्ट झालेले असते. ते कोमट पाण्याने धुवायचे, हळद आणि लोणी लावून हलक्या हाताने मळायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण द्यायचे. आमचे अण्णा एरवी बोलायला महाग. पण त्या संध्याकाळी हिऱ्या आणि लाल्याशी त्यांचे तासभर काहीबाही चाललेले असे. दोघेही लालकंधारी. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, बेगड, गोंडे, झूल, घुंगुरमाळ. वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण. मारुतीपुढे मंगलाष्टके म्हणून बैलांचे लग्न! घरी आल्यावर आई त्यांचे पाय धुऊन पुरणपोळी भरवी. त्यांच्याआधी घरात कुणी घास घेत नसे.

२०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आम्हीही होतो. पुढचा उन्हाळा कडब्याशिवाय निघणे शक्य नव्हते. छावण्या उघडल्या होत्या. पण जनावरे छावणीत बांधली की एक माणूस कायम तिथे हवा, आणि अण्णा एकटे. मे महिन्यात एका पहाटे त्यांनी दोघांना सोडले. मी आठवीत होतो. लाल्याचा कासरा माझ्या हातात होता.

बाजारात त्या दिवशी विकणारेच जास्त होते. एका व्यापाऱ्याने लाल्याचे तोंड उघडून दात पाहिले, शेपटी पिळली, मग अण्णांच्या हातावर उपरणे टाकून बोटे दाबली. अण्णांनी मान हलवली. पुन्हा बोटे. तिसऱ्या वेळी अण्णा गप्प राहिले आणि सौदा झाला. मागितल्याच्या निम्मेच मिळाले असतील. मी तेव्हा कुठे होतो? पलीकडच्या गाड्यावर भजी खात! येताना अण्णांनी मला शाळेचे बूट घेऊन दिले. मी दोन महिने मागत होतो, म्हणून. बूट मिळाल्याचा मला आनंद झाला होता, हे लिहिताना आजही लाज वाटते.

दावी मात्र आम्ही घरी आणली. बैल द्यायचा, दावे द्यायचे नाही, अशी आमच्या घरची रीत.

त्या वर्षी पोळा ३० ऑगस्टला आला. आईने पुरण घातले. मी म्हटले, “कुणासाठी?” तिने उत्तर दिले नाही. रिकाम्या दावणीपाशी पाट मांडून तिने दोन्ही दावी आणि घुंगुरमाळ ठेवली, हळदकुंकू वाहिले. अण्णा सकाळीच शेताकडे निघून गेले होते. दुपार कलली तरी ताटे तशीच. मग शेजारचे चाचा आपली सजवलेली जोडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. म्हणाले, “वहिनी, पहिला घास तुमच्या हातचा. आमच्याकडं बिर्याणी चांगली होती, पुरण नाही जमत.” आई हसली आणि हसता हसता पदर डोळ्याला लावून आत गेली. त्या दिवशी नैवेद्य त्यांच्या बैलांनी खाल्ला. बूट मी माळवदावर लपवून ठेवले होते.

आता आमची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. ट्रॅक्टर वाईट आहे असे मी म्हणणार नाही. दोन दिवसांचे काम तासाभरात होते आणि उन्हाळ्यात त्याला कडबा लागत नाही. गल्लीत बरीच घरे मातीचे बैल पुजतात. आम्ही दावीच पुजतो. चाचांची जोडी मात्र दरवर्षी आधी आमच्याच दारात येते.

यंदा खांदेमळणीच्या संध्याकाळी अण्णा कुणाला न सांगता चाचांच्या गोठ्यात जाऊन बसले. मी कंदील धरून उभा होतो. लोणी लावता लावता त्यांचा हात एका जागी थांबला. त्यांनी पुन्हा चाचपून पाहिले आणि चाचांना म्हणाले, “डावीकडच्याचा खांदा आलाय. आठ दिवस गाडीला जुंपू नका याला.”