इंजिनाची तहान

निवृत्त शिक्षकाने ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर कॉम्प्युटरवर खेळ खेळत बसावे, हे आमच्या घरात कुणालाच पटले नाही. सूनबाई हसली. बेगम म्हणाल्या, "तसबीह घेऊन बसायच्या वयात हे काय?" पण सुट्टीत आलेल्या नातवाने लॅपटॉप उघडून दाखवला, तेव्हा पडद्यावर वाफेचे एक छोटे इंजिन धूर सोडत उभे होते. मी खुर्ची पुढे ओढली.

खेळाचे नाव 'रेलरोड्स ऑनलाइन'. तो २०२१ मध्ये बाजारात आला. त्यातला मुलूख अमेरिकेचा आणि काळ एकोणिसाव्या शतकाचा. डोंगर, जंगल, नदी आणि निर्मनुष्य दरी. हातात थोडे पैसे आणि एक लहानसे इंजिन. रूळ आपणच टाकायचे, जंगलातले ओंडके करवतीच्या कारखान्यात पोहोचवायचे, त्या कमाईतून आणखी रूळ टाकायचे. रूळ तीन फुटी, म्हणजे नॅरोगेज. डोंगरात अरुंद गाडी आखूड वळण घेते, खोदाई कमी लागते, खर्च वाचतो. म्हणूनच डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने १८७१ मध्ये आपली पहिली गाडी तीन फुटी रुळांवर सोडली होती. खेळातले 'ग्लेनब्रुक' इंजिनही खरे आहे. बाल्डविन कारखान्यात १८७५ साली बनलेले हे इंजिन टाहो सरोवराच्या काठी लाकूड ओढत असे. आज ते नेवाडातल्या कार्सन सिटीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

नातवाला हे सारे नवे होते. मला नव्हते. माझे बालपण कुर्डुवाडीत गेले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे तिथून १८९७ साली सुरू झाली. रूळ अडीच फुटी. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. आता तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. माझे अब्बा त्या छोट्या गाडीवर फायरमन होते.

खेळात मी इंजिन चालवायचो आणि नातू ब्रेक सांभाळायचा. उतारावर प्रत्येक वाघिणीचे ब्रेकचे चाक हाताने आवळावे लागते. पहिल्याच दिवशी ते राहिले. ओंडक्यांनी भरलेली गाडी सुसाट सुटली आणि वळणावर रुळांखाली गेली. आम्ही पोट धरून हसलो. खेळात कुणी मरत नाही.

चौथ्या दिवशी आम्ही डोंगरावर नवा मार्ग टाकला. चढ जरा जास्तच ठेवला गेला होता. निम्म्यावर गाडी मंदावली आणि थांबली. रेग्युलेटर पूर्ण उघडला तरी इंजिन जागचे हलेना.

"दादाजान, पाणी बघितलंच नाही तुम्ही! खाली टाकीपाशी भरून घ्यायला हवं होतं."

"आणि आपल्याला तहान लागत नाही का रे?" मी सहज विचारले.

"आपल्याला कशी लागेल? तहान इंजिनाला लागते. माणसाला या गेममध्ये काहीच लागत नाही."

मी खेळ थांबवायला सांगितला.

१९५६ सालचा रमजान एप्रिल-मे महिन्यांत आला होता. मी दहा वर्षांचा होतो. त्याच वर्षी माझा पहिला रोजा झाला. गळ्यात हार पडला, नवे कपडे मिळाले, मोहल्ल्यात कौतुक झाले. एके दुपारी अम्मीने काही निरोप देऊन मला स्टेशनात पाठवले. अब्बांची गाडी नुकतीच आली होती. अब्बा इंजिनावर चढून पाण्याची सोंड टाकीत सोडत होते. अंगावरचा सदरा घामाने चिकटलेला, चेहरा कोळशाने काळा. टाकी भरली. सोंड बाजूला करताना त्यांनी धारेखाली ओंजळ धरली आणि पाणी प्याले. मान वर केली, तो समोर मी.

ते काही बोलले नाहीत. मीही निरोप सांगून परत आलो.

संध्याकाळी इफ्तारला चुलते, शेजारी बसले होते. अब्बांनी खजुरासाठी हात पुढे केला आणि मी सर्वांसमोर म्हणालो, "अब्बांचा रोजा नाही. मी पाहिलंय." अब्बांनी हात मागे घेतला. रागावले नाहीत. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यानंतर रमजानात ते आमच्या दस्तरख्वानावर कधी इफ्तारला बसल्याचे मला आठवत नाही. ड्यूटी आहे, असे सांगून जात.

ते गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी अम्मी बोलली. सुटलेले सारे रोजे ते दरवर्षी हिवाळ्यात पुरे करीत. पहाटे चिमणीच्या उजेडात एकटेच सहरी करीत. "पोरांना उठवू नकोस," एवढेच तिला सांगत. मुसाफिराला रोज्याची सवलत आहे, नंतर कजा करता येते, हे मदरशात मीही शिकलो होतो. अब्बांनी ते माझ्यापुढे कधी काढले नाही. बार्शीहून येडशीकडे घाट चढताना भट्टीच्या तोंडाशी उभे राहून किती फावडी कोळसा टाकावा लागतो, तेही कधी सांगितले नाही. आणि मी कधी विचारले नाही.

नातवाला मी हे सगळे सांगितले. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत होता.

"मग तुम्ही त्यांना सॉरी म्हणालात?"

"नाही. राहून गेलं."

तो काही बोलला नाही. त्याने गाडी मागे घेतली आणि चढाच्या पायथ्याशी आणखी एक पाण्याची टाकी उभी केली. पहिली टाकी जवळच होती. दुसरीची गरज नव्हती, उगाच पैसे गेले.

सुट्टी संपून तो परत गेला. जाताना खेळ माझ्या कॉम्प्युटरवर घालून गेला. मी अजून कधीमधी तो मार्ग चालवतो. दुसऱ्या टाकीपाशी गाडी थांबवतो, पाणी भरतो, आणि जरा वेळ तिथेच उभा राहतो. बेगम आतून विचारतात, "झालं का नाही अजून?"

मी म्हणतो, "पाणी घेतोय."