पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. अमेरिकेत ते बास्केटबॉलच्या मैदानावर दिसतात, आणि नुसते दिसून भागत नाही, त्यांना नंबरही लागतो. शाळकरी पोरांची देशभराची क्रमवारी! वर हॉटेलांना देतात तसे तारे. सगळ्यांत चांगल्याला पाच, मग चार, तीन.

माझी भाची तिकडे असते. तिच्या सोळा वर्षांच्या मुलाला या खेळाचं वेड, म्हणून मला हे कळलं. ईएसपीएन, रायव्हल्स, 247स्पोर्ट्स यांची माणसं सामने बघत गावोगाव हिंडतात. उंची, हातांची लांबी, उडी, नेम तर पाहतातच. शिवाय हा पोरगा चार वर्षांनी कसा खेळेल, याचाही अंदाज बांधतात. शाळेच्या सामन्यांपेक्षा उन्हाळ्यातल्या क्लबांच्या स्पर्धांना मोल जास्त. त्यातल्या मोठ्या स्पर्धा नायकी, आदिदास अशा बुटांच्या कंपन्यांच्या. कॉलेजांचे प्रशिक्षक तिथे कडेला बसून मुलं हेरतात.

"पण मावशी, तिथवर पोचायचं कसं? प्रवास, हॉटेल, क्लबची फी, सगळं आमच्याच खिशातून!"

मला खटकलं ते हेच. जो कुणाच्या नजरेलाच पडला नाही, त्याला नंबर कोण देणार?

अंदाज खरेही ठरतात. लेब्रॉन जेम्स शाळेत असतानाच देशभर गाजला आणि 2003 मध्ये एनबीएच्या निवडीत पहिला आला. पण साउथ कॅरोलिनाचा जा मोरँट मोठ्या याद्यांत नव्हताच. 2016 च्या एका शिबिरात तो बाजूच्या हॉलमध्ये खेळत होता. मरे स्टेट विद्यापीठाचा एक सहप्रशिक्षक खायला काहीतरी घ्यायला निघाला, चेंडूचा आवाज ऐकून आत डोकावला. 2019 च्या निवडीत मोरँट दुसरा! त्या माणसाला भूक लागली नसती तर?

मुलींकडे तर नजर उशिराच वळली. निवडक शाळकरी खेळाडूंचा मॅकडोनाल्ड्सचा मानाचा सामना मुलांसाठी 1978 पासून, मुलींसाठी 2002 पासून. मधे दोन तपं गेली. केटलिन क्लार्कला 2020 मध्ये ईएसपीएननं चौथा नंबर दिला होता; 2024 च्या डब्ल्यूएनबीए निवडीत ती पहिली होती.

2021 पासून तिकडे कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवता येतात. त्यामुळे शाळेतल्या नंबराला आता भावही आलाय.

भाचीच्या मुलाचं नाव कुठल्याच यादीत नाही. परवा त्यानं तिला विचारलं, "आई, म्हणजे मी वाईट खेळतो का?" तिनं मला फोन केला, काय सांगू म्हणून. मी म्हटलं, "यादीचं राहू दे. आज खेळलास कसा, ते विचार. आणि जमेल तेव्हा सामना बघायला जा. बघणारं एक माणूस तरी त्याच्या हक्काचं हवं."