अब्बांची कटलास

माझ्या संग्रहात एकही तलवार नाही. आहे ती एक दोनशे पानी वही. तिच्यात जुन्या तलवारींची चित्रं आणि मापं. पाहुणे हसतात. मग त्यांना अब्बांची गोष्ट सांगावी लागते.

अब्बा बोटीवर सारंग होते. १९५८ साली कार्डिफ बंदराजवळच्या जुन्या बाजारातून त्यांनी एक कटलास आणली. कटलास म्हणजे ब्रिटिश आरमारातल्या खलाशांची आखूड तलवार. मूठ लोखंडी, हाताच्या बचावाला वाडग्यासारखा काळा पत्रा. नक्षी नाही की सोनेरी मुलामा नाही. अब्बा म्हणत, "ही नवाबाची नव्हे, आपल्यासारख्या खलाशाची." कोकणातल्या आमच्या घरी ती भिंतीला टांगलेली असे. तिला तेल लावायचं काम माझ्याकडे.

मार्च १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर किनाऱ्यावर झडत्या होणार अशी कुजबुज सुरू झाली. अम्मी म्हणाली, "अहो, ही शोभेची आहे, हे आपल्या घरात कोण ऐकून घेणार?" अब्बा काही बोलले नाहीत. इशाच्या नमाजनंतर त्यांनी कटलास गोणपाटात गुंडाळली, होडी काढली आणि खाडीत सोडून आले. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नाही.

पुढे मी वाचू लागलो. १८०४च्या नमुन्याची मूठ इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पत्र्याची, पातं सरळ, सुमारे २९ इंचांचं. वाडग्यासारखा पत्रा १८४५च्या नमुन्यात येतो. म्हणजे अब्बांची त्या वळणाची असावी. ही हत्यारं खलाशाच्या मालकीची नसत. बोटीवर एकत्र ठेवलेली असत. लढाईच्या वेळी वाटायची, नंतर परत घ्यायची.

लंडनच्या पोर्टोबेलो रोडवर एकदा एकोणिसाव्या शतकातली पोलिसी तलवार हाती आली. पितळी मूठ, पार्कर फील्ड या कारखानदारांचं नाव. ती म्यानात खटक्यानं अडकत होती. गर्दीतल्या कुणी हिसकू नये म्हणून. खिशात पैसे होते. घेतली नाही. दुकानदाराला विचारून मापं तेवढी टिपली.

ब्रिटिश आरमारानं १९३६मध्ये कटलास लढाईतून काढली. ती समारंभापुरती उरली. तिथं कुणाच्या भिंतीवर ती दिसली की लोक विचारतात, "किती जुनी?" आमच्या भिंतीवर असती तर विचारलं असतं, "कशासाठी?"

वहीच्या पहिल्या पानावर अब्बांच्या कटलासचं चित्र आहे, आठवणीतून काढलेलं. त्याखाली मापं नाहीत. घ्यायची राहून गेली.