काही न करण्याचे पाच दिवस



शिरूर आणि दौंड ही नावं घेतल्यावर कुणाला समुद्र आठवेल असं मला वाटत नाही. दौंड म्हटलं की रेल्वे जंक्शन आणि शिरूर म्हटलं की घोडनदी अन् नगर रोड. आमच्याकडे पाणी म्हणजे भीमा, घोड, कालव्याचं आवर्तन, नाहीतर टँकर! दौंडकडे कालव्याच्या कडेने ऊस आणि गुऱ्हाळं, तर शिरूरच्या पाबळ, कान्हूर मेसाई भागात उन्हाळा आला की लोकांचे डोळे टँकरच्या वाटेकडे. अशा मुलखातल्या दोन म्हाताऱ्या जहाजावर पाच रात्री नुसत्या आराम करायला गेल्या, हे सांगितलं तर आधी हसूच येईल. पण गेलो खऱ्या. २०२४ च्या जानेवारीत.

तिकिटं मुलाने काढली. खरं तर ती माझी आणि आमच्या ह्यांची होती. पण ह्यांना विहिरीत डोकावलं तरी गरगरतं, म्हणून त्यांनी साफ नकार दिला आणि ते तिकीट आमच्या वन्संच्या वाट्याला आलं. वन्सं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, वय तेव्हा एकोणऐंशी. आयुष्य सगळं शेतात गेलं. शेवटची अकरा वर्षं नणंदावे अंथरुणाला खिळून होते, त्यांचं सगळं वन्संनीच केलं. आदल्या दिवाळीआधी ते गेले. त्यानंतर वन्सं कुणाकडेही राहायला गेल्या तरी तासाभरात झाडू हातात घ्यायच्या. हातांना काम नसलं की त्या माणसात नसल्यासारख्या दिसायच्या. म्हणून मीच हट्ट धरला, की चला.

आमच्या जहाजाचं नाव ‘एम्प्रेस’. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेलं, बरीच वर्षं परदेशात फिरलेलं आणि २०२१ पासून मुंबईहून सुटू लागलेलं. लांबी दोनशे मीटरच्या वर. म्हणजे आमच्या शाळेची अख्खी इमारत मैदानासकट त्यात बसली असती. मुंबई, लक्षद्वीप, गोवा आणि परत मुंबई असा प्रवास होता.

आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे सगळ्यांची सुरक्षेची कवायत. भोंगा वाजला की कुठे जमायचं, जॅकेट कसं घालायचं, कुठली होडी आपली, हे सगळं समजावून सांगतात. काही तरुण मंडळी मोबाईलवर फोटो काढत होती. मी मात्र मास्तरणीच्या सवयीने नीट कान देऊन ऐकलं. त्याला कारणही होतं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. लहानपणी मोठ्यांच्या तोंडून ही हकीकत ऐकली होती. इटलीच्या किनाऱ्याजवळ २०१२ साली ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. म्हणून २०१५ पासून जगभर नियम झाला, की ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच झाली पाहिजे. आराम करायचा तर आधी जिवाची खात्री हवी, हे मला पटलं.

मुंबई मागे पडली, दिवे बारीक होत गेले आणि थोड्या वेळाने मोबाईलची रेंजही गेली. आजूबाजूला हळहळ झाली. मला मात्र सुटी लागल्यावर शाळेची घंटा बंद होते ना, तसं वाटलं.

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी सकाळी खोली आवरायला एक मुलगा आला. चिपळूणकडचा, पंचविशीतला. पाहतो तर दोन्ही पलंग आवरलेले, चादरींच्या घड्या घातलेल्या, न्हाणीघर पुसलेलं, आणि वन्सं टॉवेल पिळून कुठे वाळत घालायचा ते शोधताहेत! तो बिचारा म्हणाला, “आजी, हे माझं काम आहे.” वन्सं म्हणाल्या, “आरं, तू माझ्या नातवाएवढा. तुझ्याकडून आंथरूण उचलून घेऊ व्हय मी?” मग बराच वेळ दोघांचं चाललं होतं. शेवटी पलंग त्याने आवरायचे आणि वन्संनी फक्त उशा लावायच्या, असा तह झाला.

जेवणाचीही तीच तऱ्हा. पोहे, इडली, पराठे, फळं, कितीतरी प्रकार मांडून ठेवलेले. जैन जेवण वेगळं. नेमकी एकादशी आली, तर वन्संनी फळांवर आणि दुधावर दिवस काढला. पण त्यांचं लक्ष खाण्यापेक्षा उरलेल्या ताटांकडे. लोक भरून घ्यायचे आणि अर्धं टाकून उठायचे. वन्सं हळूच म्हणाल्या, “बाहत्तरला ह्यातलं एक ताट मिळालं असतं तर...”

बाहत्तर म्हणजे १९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. वन्सं सत्तावीस वर्षांच्या, तान्हं मूल झोळीत टाकून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, हे त्यांचं जेवण. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे, ते त्या हातोडीमुळे. तेच हात आता पांढऱ्या टेबलावर रिकामे पडले होते आणि त्यांना ते कुठे ठेवावेत हे समजत नव्हतं.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रातच होता. चारही बाजूंना पाणी आणि करायला काहीही नाही. नाचगाणी, खेळ, नाटकगृह, पोहण्याचा तलाव सगळं होतं, पण आम्ही वरच्या डेकवर सावलीला दोन आरामखुर्च्या धरल्या. मी पुस्तक घेऊन बसले होते. बऱ्याच वेळाने पाहिलं तर वन्संच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नाही, काही नाही. मी पुस्तक मिटलं. त्या म्हणाल्या, “अगं मास्तरीणबाई, अकरा वर्षं ह्यांच्या अंगावरचं बघता बघता रडायलाच सवड झाली न्हाई. गेले त्या दिवशीबी पाव्हण्यांचा चहा बघत व्हते मी.”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. थोड्या वेळाने त्या तिथेच झोपल्या. दुपारचं जेवण टळलं, चहा टळला, मी उठवलं नाही. सूर्य कलल्यावर जाग्या झाल्या तेव्हा म्हणाल्या, “लई वर्सांनी झोपले.”

मंडळी, तेव्हापासून माझ्या मनात एक विचार घोळतो आहे. आपण आराम म्हणजे मजा समजतो. पण ज्यांनी जन्मभर कष्ट काढले, त्यांच्या बाबतीत आरामात आधी मजा नसते. आधी साठलेला थकवा वर येतो, मग साठलेलं दुःख वर येतं, आणि ते वाहून गेल्यावर मग कुठे चहाची चव लागते. विहीर उपसताना आधी गाळ निघतो, मग नितळ पाणी लागतं, तसंच काहीसं. म्हणून एक-दोन दिवसांच्या सुटीने आपल्या बायकांना बरं वाटत नाही. गाळ निघेपर्यंतच सुटी संपलेली असते.

त्या दिवसानंतर वन्सं खुलल्या. रोज सकाळी डेकवर फेऱ्या मारायच्या. पाण्याबद्दल त्यांना भारी कुतूहल. “एवढी माणसं आंघोळी करत्यात, गोडं पाणी आणलं कुठनं?” मी चौकशी केली. अशा जहाजांवर समुद्राचंच पाणी गोडं करतात. इंजिनाची उष्णता वापरून कमी दाबाखाली पाण्याची वाफ करायची आणि ती थंड करायची, नाहीतर मोठ्या दाबाने पाणी बारीक पडद्यातून गाळायचं. वन्संनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हंजी जहाजाला टँकर लागत न्हाई.” मग बादली निम्मीच भरू लागल्या. गोडं पाणी असंच सांडायचं नसतं, ते समुद्रात असलं तरी!

चिपळूणच्या त्या मुलाशी त्यांची गट्टी जमली. कित्येक महिने सलग जहाजावर, घरी आई आणि लहान बहीण. वन्संनी त्याला विचारलं, “तुला कधी आराम?” तो हसला आणि म्हणाला, “आजी, आम्हालाही नियम आहे.” घरी आल्यावर मी वाचलं. खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ साली मान्य केला. चोवीस तासांत निदान दहा तास आणि आठवड्यात निदान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळालीच पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. वाचून बरं वाटलं. आणि मनात आलं, की घर चालवणाऱ्या बाईसाठी असा करार कुणी करायचा? वन्संच्या अकरा वर्षांत आठवड्याला किती तास निघाले असते?

माझं माहेर केडगावजवळचं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन लहानपणापासून पाहत आले. या रमाबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेल्या. त्याच महिन्यात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, असं मानण्याचा तो काळ. त्या दोघींसाठी समुद्र म्हणजे परीक्षा होती. नंतर कोकणी माणसासाठी तो रोजचा रस्ता झाला. भाऊच्या धक्क्यावरून ‘कोकणसेवक’, ‘कोकणशक्ती’ या बोटी सुटायच्या. मालवणकडच्या आमच्या एक सहशिक्षिका सांगायच्या, की डेकवर वळकटी पसरून रात्र काढायची, कुणाला ओकाऱ्या, कुणाची पेटी हरवलेली, आणि आपलं बंदर आलं की मोठ्या बोटीतून हेलकावणाऱ्या होडीत उतरायचं. पावसाळ्यात ती वाहतूक बंद. रस्ते वाढले, एसट्या वाढल्या, त्या बोटी बंद पडल्या आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली.

आणि आता त्याच समुद्रावर आम्ही दोघी आरामखुर्चीत! शिकायला नाही, पोटासाठी नाही, कुठे पोचायचं म्हणूनही नाही. कुणी याला चैन म्हणेल. म्हणू दे. रमाबाईंनी दुष्काळातल्या बायका-मुलांना केडगावात आणून आधी छप्पर आणि अन्न दिलं, मग शिक्षण आणि काम. माणसाला आधी टेकायला जागा लागते हे त्यांना ठाऊक होतं.

पैशाचं म्हणाल तर हा प्रवास स्वस्त नाही. सगळ्यांना जमेल असं मी म्हणणार नाही, आणि त्याची गरजही नाही. जहाजाने आम्हाला दिलं ते एवढंच, की उठून जाता येणार नाही अशी जागा. घरी वन्संना खुर्चीत बसवलं असतं, तर गोठा दिसला असता, भांडी दिसली असती, दारात कुणी हाक मारली असती. समुद्रात हाक मारायला कुणी नव्हतं.

तुमच्याही घरात अशी कुणी असेल. आई, सासू, आत्या, मोठी वहिनी. तिला “आराम कर” असं नुसतं तोंडाने सांगू नका, तिला ते जमणार नाही. चार-पाच दिवस तिच्या हातातलं काम खरोखर काढून घ्या, आळंदीला न्या, लेकीकडे न्या, नाहीतर अंगणातच खाट टाका. पहिले दोन दिवस ती चिडेल, उशा नीट करील, कदाचित रडेल. रडू द्या. जेवायलाही उठवू नका. तिसऱ्या दिवशी ती स्वतःहून चहा मागेल, आणि तो तुम्ही करून द्या.

असो. आज बरंच लिहिलं. वन्सं आता पुढच्या महिन्यात माझ्याकडे शिरूरला यायच्या आहेत. झाडू मी आधीच लपवून ठेवला आहे.