रापलेले लाकूड

नांदेड-लातूरकडच्या जुन्या गावांत तुमचे बालपण गेले असेल, तर माळवद म्हणजे काय हे तुम्हांला सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच सांगतो : लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हे छत उन्हाळ्यात घर गार ठेवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. जाड दगडी भिंती आणि जड छते झोपेतल्या माणसांवर कोसळली. हजारो जीव गेले. त्यानंतर वडिलांना माळवदाखाली झोप लागेना. नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या घरावर त्यांनी पत्रे घातले आणि सागवानी तुळया अंगणात रचून ठेवल्या.

चार पावसाळ्यांनंतर मी गावी गेलो, तेव्हा त्या तुळया ओळखू येईनात. खालची बाजू चुलीच्या धुराने काळी होती. काजळी जवळजवळ सगळा प्रकाश गिळते. उन्हाकडची बाजू मात्र राखाडी, दुपारी तर चंदेरी दिसे. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उन्हातील अतिनील किरणांनी विघटित होते आणि पावसाने धुऊन जाते. मागे उरतात ते सेल्युलोजचे फिकट तंतू. त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. त्यात बुरशीच्या सूक्ष्म काळ्या ठिपक्यांची भर पडली, की करडा रंग येतो. हा सारा बदल वरच्या पातळ थरापुरता असतो.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी त्या तुळया कुजल्या असे ठरवले आणि जळणाच्या भावाने विकून टाकल्या. वडील काही बोलले नाहीत. गाडीत न मावलेला एक तुकडा तेवढा मागे राहिला.

पुढे गावातल्या सुतारकाकांना त्याचा पाट करायला सांगितले. त्यांनी रंधा दोनदा फिरवला आणि आतून सोनेरी सागवान निघाले. तेलकट, ताज्या वासाचे. “सर, हे रापलं होतं, कुजलं नव्हतं,” ते म्हणाले. शब्दांच्या अर्थछटा शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली होती! उन्हात राबणाऱ्या माणसाच्या कातडीला आपण जे क्रियापद लावतो, तेच त्यांनी लाकडाला लावले होते. शेजारी बसलेल्या वडिलांनी एक ढलपी उचलली, नाकाशी धरली आणि खिशात ठेवली.

तुमच्या अंगणात जुने लाकूड पडले असेल, तर त्यावर थोडे पाणी शिंपडून पाहा. तंतूंमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, प्रकाश विखुरण्याऐवजी आत शिरतो आणि लाकूड एकदम गडद होते. वाळले की पुन्हा करडे. आमचा पाट आता ओसरीच्या पायरीवर असतो. पावसाची झड आली की तो काळवंडतो. वडील त्यावर बसत ती मधली जागा मात्र अजून तांबूस आहे.