बटाटे उकडेपर्यंत

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, यात काही घडणार आहे का?" प्रश्न प्रामाणिक असतो. संथ चित्रपट पाहणं खरोखरच अवघड आहे. पहिल्या वीस मिनिटांत पाठ अवघडते, गॅस बंद केला होता का हे मन घरी जाऊन पाहून येतं, हात मोबाइलकडे वळतो. इतकी वर्षं पाहूनही मला हे चुकलेलं नाही.

अशा वेळी मी शांताल आकेरमानचा 'झान दीलमान' लावतो. १९७५ सालचा, २०१ मिनिटांचा. दिग्दर्शिका तेव्हा अवघी चोवीस वर्षांची. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शाळकरी मुलगा आणि तीन दिवस. दुपारी बटाटे उकडायला ठेवून ती दार उघडते. एक पुरुष येतो, थोडा वेळ तिच्यासोबत खोलीत असतो, पैसे देऊन जातो. ते पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकते आणि झाकण लावते. बटाटे तोवर शिजलेले असतात.

आपल्या सवयीच्या सिनेमात एक बटाटा सोलला की कट, पुढच्या शॉटला पातेल्यात वाफ. इथे तसं होत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही आणि काम संपेपर्यंत आपली सुटका नाही. पहिल्या दिवशी आपण तिची शिस्त शिकतो: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायचा, भांड्यावर झाकण ठेवायचं. शिकतोय हे आपल्याला कळतही नाही, आपण कंटाळलेले असतो.

दुसऱ्या दिवशी माणूस गेल्यावर ती पैसे भांड्यात टाकते आणि तशीच पुढे जाते. एकदा याच क्षणी मागच्या रांगेतल्या एक बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "झाकण राहिलं!" अख्ख्या वर्गाला ते ऐकू गेलं. तासाभरापूर्वी याच बाई वारंवार घड्याळ पाहत होत्या. पडद्यावर कुणी काही बोललेलं नसतं, संगीत नाही, क्लोजअप नाही. नंतर कळतं, बटाटे फार शिजलेत. पातेलं हातात घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते. ते कुठे ठेवायचं तेच तिला सुचत नाही. तिचा आतला तोल ढळलाय हे आपल्याला केवळ एका पातेल्यावरून समजतं. पहिल्या दिवसाचा कंटाळा सोसला नसता, तर हे पातेलं नुसतं पातेलंच राहिलं असतं.

असे चित्रपट म्हणजे ध्यानच, असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. तार्कोव्हस्कीच्या 'नॉस्टॅल्जिया'मध्ये नायक पेटती मेणबत्ती घेऊन रिकाम्या केलेल्या कुंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. ज्योत विझली की पुन्हा पहिल्यापासून. जवळपास नऊ मिनिटांचा, कुठेही न कापलेला शॉट. तो पाहताना माझा श्वास अडकतो, मन शांत वगैरे अजिबात होत नाही.

संथपणा हा आपोआप गुण ठरत नाही, हेही सांगायला हवं. शॉट ताणून ठेवणं कुणालाही जमतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या मणी कौलनी 'उसकी रोटी'त बसड्रायव्हर नवऱ्यासाठी भाकर घेऊन रस्त्याच्या कडेला थांबलेली बालो दाखवली, तेव्हा वेळ हाच त्या बाईच्या आयुष्याचा ऐवज होता; तो छाटला असता तर तिच्याबद्दल सांगायला काय उरलं असतं?

'झान दीलमान'मध्ये तिसऱ्या दिवशी काय होतं, ते इथे सांगत नाही. ते होऊन गेल्यावर ती अंधारात टेबलाशी बसते, आणि रस्त्यावरच्या जाहिरातीचा निळसर उजेड तिच्या अंगावर उघडमीट करत राहतो. सुमारे सात मिनिटं. तिच्या शेजारी तेच सूपचं भांडं असतं. चित्रपट संपल्यावर मी हॉलचे दिवे लगेच लावत नाही. कुणी लावा म्हणतही नाही.